केल्टिक घोडा आणि आमसुलाचं पाणी

पैज साधी होती. लियाकतच्या दोन हजार वर्षं जुन्या केल्टिक नाण्याला नवा साहेब ‘फर्स्ट क्लास’ म्हणाला, तर मी घोडा व्हायचं आणि लियाकतला पाठीवर घेऊन रोल्ला चौकातल्या वडाला एक फेरी मारायची. नाही म्हणाला, तर घोडा लियाकत.

पैज लावली कारण मी पार वैतागलो होतो. लियाकत माझा शेजारी, शारजाच्या ब्रिटिश कॅम्पात स्टोअरकीपर. एका साहेबानं विलायतेला परत जाताना त्याला तिकडच्या प्राचीन केल्ट लोकांचं, घोड्याचा छाप असलेलं हे तांब्याचं नाणं दिलं, आणि आमचा चहा कडू झाला.

"मुनीर, घोड्याचे पाय मोज. चारही शाबूत! आणि हा हिरवा थर? ही त्याची अब्रू. घासलं की खलास!"

"अरे, बुरशी आहे ती."

रोज हेच!

शुक्रवारी नमाजानंतर नवा साहेब वडाखाली येणार होता, जुन्या नाण्यांचा शौकीन. सकाळी लियाकत आंघोळीला गेला तसं मी त्याच्या डबीतलं नाणं उचललं, जागी सोड्याच्या बाटलीचं बूच ठेवलं. तासभर त्याला नाचवायचं आणि परत द्यायचं, एवढंच. नाणं सदऱ्याच्या खिशात टाकून मीही आंघोळीला गेलो.

बाहेर येतो तर माझी बायको जैनब दारात. हातात नाणं, लखलखीत!

"सदरा धुवायला घेतला तर हे सापडलं. केवढं कळकलेलं! आमसुलाच्या पाण्यात टाकलं, राखेनं घासलं. बघा, नवंकोरं!"

"अगं बाई, काय केलंस हे!"

"का? हिरवं चढलेल्या तांब्यातून आमच्या दाभोळात कुणी पाणीसुद्धा पीत नाही!"

हिला काय सांगणार, कपाळ! लियाकतची जुम्म्याची आंघोळ अजून चालूच होती. गुपचूप बूच काढून नाणं डबीत ठेवून आलो.

वडाखाली साहेबानंच डबी उघडली, भिंग लावलं. भुवया वर गेल्या, मग खाली आल्या.

"किसने घिसा? नहीं घिसता तो फर्स्ट क्लास था. अब कंडिशन पुअर."

लियाकतनं नाणं तळव्यावर घेऊन घोड्यावरून अंगठा फिरवला. मग लुंगी खोचून वाकायला लागला. भोवती जमलेले लोक ओरडले, "मुनीरभाई, चढा!"

माझ्यानं बघवेना.

"ऊठ रे. सकाळी मीच चोरलं होतं, तुझी गंमत करायला. माझ्या घरी घासलं गेलं. तूच जिंकलास."

"तू?"

"मीच. बस पाठीवर."

मी रेतीत गुडघे टेकले. तांदळाच्या गोणीसारखा तो पाठीवर आदळला, बरगडीत टाच मारली. "यल्ला!"

धापा टाकत फेरी पुरी केली. हा उतरेना.

"पैज एका फेरीची होती रे!"

"दोन हजार वर्षं टिकलं होतं, मुनीर. चल."

चाललो.