दातानं तोडलेला धागा

"मारून टाका ना ती नस, बाई. कटकटच मिटेल," दवाखान्याच्या खुर्चीत आडवी पडलेली, शर्टांच्या कॉलरी शिवणारी कॉलरवाली म्हणाली.

दातांच्या डॉक्टरबाईंनी छोटा आरसा खाली ठेवला. "कशासाठी? नस चांगली ठणठणीत आहे."

"ठणठणीत? गार पाण्याचा घोट घेतला की मस्तकात कळ जाते. जाऊबाई म्हणाल्या, रूट कॅनाल करून घे आणि सुटी हो."

"कुठल्या दवाखान्यात असतात तुमच्या जाऊबाई?"

"माझ्या शेजारच्या मशीनवर."

डॉक्टरबाई हसल्या. त्यांनी गार केलेला कापसाचा बोळा दाताला टेकवला. कॉलरवालीच्या पायाची बोटं आखडली. बोळा काढताच कळ आली तशी निघून गेली.

"थांबली ना लगेच? रेंगाळली असती, बसल्या बसल्या दात ठणकला असता, तर आतवर जावं लागलं असतं. हा दात जिवंत आहे. वरचं कवच तेवढं झिजलंय, म्हणून गार आत पोचतं." त्यांनी आरसा धरला. समोरच्या उजव्या दाताच्या कडेला बारीक खाच होती. "हे कशानं झालं?"

कॉलरवालीनं हवेतला धागा दातानं तोडून दाखवला.

शर्टांच्या कारखान्यात ती ओळीच्या मधोमध बसे. तिनं शिवलेली कॉलर थोरली जाऊ शर्टाला जोडे, त्यापुढची काजवाली बटणांची काजं करी. कात्री दोघींत एक, तीही टेबलाला साखळीनं बांधलेली. स्वतःची आणायला मनाई, कपड्यात राहून जाते म्हणून. कात्री ओढायची, धागा कापायचा, कात्री सोडायची, तोवर दुसरी कॉलर निम्मी होते. मग सगळ्याच जणी धागा दातानं तोडत. तसं कुणी सांगितलं नव्हतं. ओळ थांबता कामा नये, एवढंच ओळीवर देखरेख करणाऱ्या मास्तरांनी सांगितलं होतं.

डॉक्टरबाईंनी खाच दाताच्याच रंगाच्या मसाल्यानं बुजवली, मुळाशी लेप लावला. सुई नाही, भूल नाही. मऊ ब्रश आणि वेगळी पेस्ट वापरायला सांगितली.

"पण पुन्हा धागा तोडलात तर भरलेलं निघून येईल हं."

"म्हणूनच म्हणते, नसच नको. दुखणार नाही, मी तोडत राहीन."

"आणि एक दिवस दातच तुटेल. कळ आहे म्हणून तर तुम्ही इथवर आलात, ताई."



दुसऱ्या दिवशी तिनं कात्री धरली. साखळी दरवेळी टेबलाच्या कडेला अडकायची. जेवणाच्या सुटीआधीच तिच्यापुढं कापडाचा ढीग साचला आणि जाऊबाईंचे हात रिकामे पडले.

"काय राणीसरकार, मुहूर्त बघून कापताय होय?"

"डॉक्टरबाईंनी सांगितलंय, जाऊबाई. दाताला धागा लावायचा नाही."

"त्यांना सांगायला काय जातंय! माझे दोन गेले. जीव गेला का माझा?" जाऊबाईंनी तोंड उघडून खिंडार दाखवलं. काजवाली खो खो हसली. कॉलरवालीलाही हसू आवरेना.

तेवढ्यात मास्तर आले. ते तिच्यापाशी थांबले नाहीत. ज्यांचे हात रिकामे होते, त्यांच्या पाठीमागं जाऊन उभे राहिले.

"काय वहिनी, आज सुटी वाटतं?"

जाऊबाईंनी शेजारी बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण मास्तरांच्या विनवण्या करून त्यांनीच धाकट्या जावेला इथं चिकटवलं होतं. त्या मान खाली घालून मांडीवरचा नसलेला धागा झटकू लागल्या.

"नाही हो, मशीन जरा अडकलं होतं."

मास्तर तिथंच उभे राहिले.

कॉलरवालीनं कात्री सोडली. साखळी टेबलावर खळ्ळकन पडली. तिनं कॉलर तोंडाशी नेली, जिभेनं उजवीकडचा नवा मसाला चाचपला आणि धागा डावीकडच्या, कधीच न दुखलेल्या दाताखाली सरकवला.

कॉलर पुढं गेली. जाऊबाईंनी ती तिच्याकडे न बघता उचलली.