पागोळीची हद्द

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. मुरबाडच्या जुन्या बाजारामागची एक अरुंद आळी मनात आणा. दोन्ही बाजूंना कौलारू घरं, एकमेकांच्या कानाशी लागल्यासारखी. आता त्यातलं एक घर पुसून टाका. कौलं, वासे, मातीच्या भिंती, सगळं. राहिलं काय? दगडाचं जोतं आणि वर मोकळं आभाळ. त्या जोत्यावर दहा वर्षांची योगिनी उभी होती.

साल १९९८, उन्हाळ्याचे दिवस. आळीत एकामागून एक स्लॅबची घरं उभी राहत होती आणि आता योगिनीच्या घराची पाळी आली होती. नव्या घरात तिला स्वतःची खोली मिळणार होती. बोळाच्या बाजूला, खिडकीसकट.

बोळ म्हणजे तिच्या आणि शेजारच्या सकुबाईच्या घरामधली वाट. सकुबाईचा गोठा मागच्या अंगाला, आणि तिथून रस्त्यावर यायला ही एवढीच वाट. तिची चांदी गाय रोज इथूनच चरायला जायची. सध्या ती गाभण होती आणि पोट दोन्ही अंगांनी चांगलं फुगलं होतं.

त्या सकाळी शेणव्याहून आलेला जैतू गवंडी पायासाठी फक्की मारत होता, म्हणजे जमिनीवर चुन्याची पांढरी रेघ ओढत होता. रेघ बोळात शिरली तशी सकुबाई पदर खोचून बाहेर आली.

"ए जैतू! बोळ गिळतोस काय रे?"

"मी कशाला गिळू? मालक सांगतील तिथं रेघ मारायची, माझं काम झालं."

योगिनीचे बाबा पुढे झाले. "हद्दीतच आहे, वहिनी. आमचे वासे भिंतीबाहेर दोन हात होते."

"दोन हात? सव्वा हात बोल! दोन हात असते तर आपली छपरं एकमेकांना टेकली असती."

"मला दोनच आठवतात."

"मग कौलं उतरवायच्या आधी खुंटी का नाय ठोकलीस?"

आळीचा नियम साधा होता. आपल्या छपराची पागोळी, म्हणजे वळचणीवरून गळणारं पावसाचं पाणी, जिथं पडतं तिथवर आपली हद्द. म्हणून घर पाडायचं तर आधी वळचणीखाली खुंटी ठोकायची, मगच कौलाला हात लावायचा. पण रविवारी धसईहून सगळे भाऊबंद मदतीला आले. हातोहात छप्पर उतरलं. खुंटी दुसऱ्या कुणीतरी ठोकली असेल, असं प्रत्येकाला वाटलं. वाशांची टोकं कुजलेली होती, ती खाली टाकतानाच मोडली. आता मोजायचं ते कशावरून?

"बोळ राहतोय की दीड हात," बाबा म्हणाले.

"दीड हातातून तू जाशील, तुझी बायको जाईल. चांदीला काय आडवी उचलून नेऊ? विकावी लागंल मला ती. मग सकाळच्या चहाला माझ्या दारात तांब्या घेऊन येऊ नकोस!"

बाबा काही लबाड नव्हते. त्यांना खरोखरच दोन हात आठवत होतं. माणसाची आठवण अशीच असते, मुलांनो. ती आपल्याच अंगणाकडे थोडी जास्त कलते.

योगिनीला मात्र दुसरंच काही आठवलं. पागोळी दर पावसाळ्यात एकाच जागी पडते. तिथं जमिनीत खळग्यांची रांग होते आणि खळग्यांत धुऊन निघालेले गुळगुळीत खडे राहतात. ते वेचून ती आणि तिच्या मैत्रिणी खेळायच्या. ती रांग आता पाडलेल्या भिंतीच्या मातीखाली गेली होती, पण गेली म्हणजे नाहीशी थोडीच झाली होती? ती सापडली आणि जोत्याच्या जवळ निघाली, तर खोली लहान होणार, हेही योगिनीला कळत होतं. तरीही तिनं खराटा उचलला.

"धूळ कशाला उडवतेस गो?" जैतूनं विचारलं.

"पागोळी शोधते."

"उन्हाळ्यात?" जैतू खो खो हसला.

योगिनी झाडतच राहिली. आधी ढेकळं निघाली, मग भुसभुशीत माती, मग टणक जमीन. आणि तिथं सुपारीएवढा एक खळगा. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा, सरळ रेषेत. जैतूचं हसू थांबलं. त्यानं फावडं घेऊन पुढची माती स्वतःच ओढली. खळग्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती.

बाबा खाली बसले. जोत्याला कोपर टेकवून त्यांनी हात लांब केला, पुढे सहा बोटं ठेवली. पुन्हा एकदा मोजलं.

"सव्वा हात," ते म्हणाले.

"आढ्याचं पानी शेवटी वळचणीलाच येतं, बघ!" सकुबाई म्हणाली.

"आलं, वहिनी, आलं," बाबा हसले. "जैतू, फक्की पूस. दोरी या खळग्यांवर धर. आणि स्लॅबचं पाणी पाइपानं रस्त्याकडे काढ, वहिनींच्या भिंतीवर नको."

"खोली अरुंद होईल, दादा," जैतू म्हणाला.

बाबांनी योगिनीकडे पाहिलं. "खोली तुझी. चालेल?"

"चालेल. खिडकी तेवढी मोठी ठेवा."

बाबांनी आणि जैतूनं दोन टोकांना दोरी ताणून धरली. सकुबाईची मान अजून हलेना. "दोरी बघून मला काय कळणार? चांदीचं पोट काय तुमच्या दोरीला विचारून फुगलंय?"

योगिनीनं खराटा जोत्याला टेकवला आणि ती धावत गोठ्यात गेली. तिनं चांदीचं दावं सोडलं, गळ्याखाली खाजवलं आणि बोळाच्या तोंडाशी तिला आणून ओरडली, "दोरी हलवू नका हां, आमी येतोय!"

चांदी एकदा फुरफुरली आणि चालू लागली. तिचं पोट भिंतीला लागलं नाही की दोरीलाही लागलं नाही. योगिनी रस्त्यावर येऊन थांबलीसुद्धा नाही. या भांडणात गाईची चरायची वेळ टळून गेली होती. दावं हातात धरून ती तशीच माळाच्या वाटेला लागली.