अकराव्या वळणावरचा खळगा

शर्यतीचा नवा ट्रॅक सव्वापाच किलोमीटरचा होता आणि त्याला सोळा वळणं होती. डांबरीकरणाच्या मुकादमाने त्याची वीत न् वीत पायाखाली घातली होती. त्याच्या मते त्यात दोष एकच होता, अकराव्या वळणाच्या तोंडाशी नऊ मिलिमीटरचा खळगा. करारात सूट तीनची होती. चार मीटरची सरळ पट्टी रस्त्यावर आडवी ठेवायची आणि तिच्याखाली किती फट राहते ते मोजायचं, हा त्याचा तीस वर्षांचा शिरस्ता. तीस वर्षांत तीनच्या वर कधी काही निघालं नव्हतं. इथे पट्टीखालून पेन्सिल जात होती.

खळगा पाडला होता त्याच्या साडूने. साडू रोलर चालवायचा. गरम डांबरावर रोलर उभा करायचा नाही, हे या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. पण साडूला बायकोचा फोन आला, पडद्यांचा रंग ठरेना, आणि दहा टनांचं धूड अकरा मिनिटं एका जागी बसून राहिलं.

"शेवटी कुठला रंग घेतला?" मुकादमाने नंतर विचारलं.

"पडदे घेतलेच नाहीत," साडू म्हणाला.

काम सुपूर्द करायला आठ दिवस उरले होते. वरचा थर खरवडून नवा टाकायला दोन दिवस पुरले असते. मुकादम परवानगी मागायला संचालकांकडे गेला, तर चाचणीला आलेल्या चार चालकांचे अभिप्राय टेबलावर पसरलेले. पंधरा वळणांबद्दल चौघांचं एकमत होतं: रुंद, गुळगुळीत, सुरक्षित. चुकलं तरी बाजूला डांबराचं मैदान, वळसा घालून परत या. एकाने लिहिलं होतं, पार्किंगमध्ये फिरल्यासारखं वाटतं. अकराव्याबद्दल मात्र चौघांनी पानभर लिहिलं होतं. तिथे गाडी क्षणभर हलकी होते, तिथे माणूस कळतो.

"साहेब, ती चूक आहे," मुकादम म्हणाला. "माझ्या माणसाची. दोन दिवस द्या, काढून टाकतो."

"कोणाला बोललात?"

"अजून नाही."

"मग बोलू नका."

दुसऱ्या दिवशी ट्रॅकचा आराखडा करणाऱ्या बाई आल्या. अकराव्या वळणावर उभ्या राहून त्यांनी ट्रॅक बघायला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं की, ट्रॅकला स्वभाव असावा लागतो आणि तो आखणीतच पेरावा लागतो. पाहुणे पुढे गेल्यावर त्या मुकादमाकडे वळल्या.

"माझ्या नकाशात इथे काहीच नाही. हे झालं कसं?"

मुकादमाने सांगितलं, पडद्यांसकट.

बाईंनी वहीत 'अकरा मिनिटं' असं लिहून घेतलं. "चौथ्या वळणावर असाच एक पाडून द्या."

"सपाट म्हणाल तर आरसा करून देतो, बाई. खळगा पाडायला माझा हात धजणार नाही."

"आणि साडूंचा?"

साडूचा लगेच धजला. संध्याकाळी दोघी बहिणींच्या देखत जेवताना तो म्हणाला, "काय साडूबुवा, कालपर्यंत मी कामचुकार होतो. आज कलाकार झालो."

"दहा टनांचा ब्रश घेऊन," मुकादमाची बायको म्हणाली.

"पण एक अट. थांब म्हणून तुम्ही सांगायचं. उद्या पुन्हा खापर माझ्या डोक्यावर नको."

चौथ्या वळणाचा थर खरवडून नवा पसरला. वाफा निघत होत्या. मुकादमाने हात वर केला आणि रोलर थांबला. पहिलं मिनिट बरं गेलं. तिसऱ्याला त्याने टोपी काढली. पाचव्याला तो रोलरकडे पाठ करून उभा राहिला, पण त्याच्या पाठीलाही दिसत होतं.

सहाव्या मिनिटाला तो म्हणाला, "हाल."

"अजून पाच आहेत."

"हाल म्हणतोय ना."

साडू हलला. मग कोणी न सांगता मुकादमाने त्याला त्याच जागेवरून आणखी चार वेळा फिरवलं.

पट्टी ठेवली. अडीच मिलिमीटर. बाईंनी आकडा लिहून घेतला आणि आशा ठेवली. चालक पुन्हा आले, प्रत्येकाने वीस फेऱ्या मारल्या. चौथ्या वळणाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. दोघांना वेगवेगळं गाठून मुकादमाने तशी खात्री करून घेतली, आणि मग तो जेवायला बसला.