भोपूला कंपनी

चिमीच्या आईने खोका उलटा करून हलवला. आतून कागदाचे कपटे पडले आणि त्यांच्यामागून एक हत्ती. निळा, गुबगुबीत, दोन्ही कान जागच्या जागी.

चिमीने त्याला उचललं नाही. चार वर्षांच्या माणसाला जमेल तेवढ्या गांभीर्याने ती त्याच्याभोवती फिरली, वाकून सोंड हुंगली.

"हा भोपू नाही."

"अगं, भोपूच आहे. धुतलाय त्यांनी."

"भोपूला माझ्या उशीचा वास येतो."



भोपूचा कान लोंबायला लागला तेव्हा आईनेच त्याला दवाखान्यात पाठवलं होतं. खेळण्यांच्या त्या कंपनीत दुरुस्ती विभागाला दवाखानाच म्हणत. मागे एकदा पाय उसवला, तेव्हा भोपू पायाला पट्टी बांधून परत आला होता. सोबत चिठ्ठी: 'पेशंट शूर आहे. रडला नाही.' त्या चिठ्ठीवर भाळून तिने साठवलेल्या पैशांतून कंपनीचे शेअर घेतले होते.

"लोक ताळेबंद बघून शेअर घेतात," नवरा म्हणाला होता, "तू पट्टी बघून घेतलेस."

आता तिने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, दवाखाना बंद झालाय," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "विलीनीकरणानंतर तो विभाग ठेवला नाही. म्हणून तुम्हाला नवा पीस पाठवलाय."

"आणि जुना?"

"जुना पीस सिस्टिमला दिसत नाहीये."

पीस. तिने फोन खाली ठेवला आणि उगाचच कागदाचे कपटे पुन्हा खोक्यात भरू लागली.

पलंगावर सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "चिमे, ये गं, बस इथे. मला कंपनी दे," त्यांनी रोजच्यासारखी हाक मारली आणि तिला मांडीवर घेतलं. मग सुनेकडे वळून हळूच विचारलं, "विलीन झाली म्हणजे? हा शब्द मी आजवर माणूस गेल्यावरच ऐकलाय."

"तसं नाही, आई," नवरा मोबाइल नाचवत आतून आला. "मोठ्या कंपनीने विकत घेतली. भाव बघ कुठे गेलाय. भागधारक बाई, पार्टी पाहिजे."

ती हसली, पण हसू अर्ध्यातच राहिलं. तिला आठवलं. मध्यंतरी कंपनीने मोबाइलवर भागधारकांची मतं मागवली होती. मांडीवर चिमी पेंगत होती, एकच हात मोकळा. अंगठ्याने तिने 'होय' दाबलं होतं. तिथे 'एकत्र येणं' असं काहीसं लिहिलं होतं. एकत्र यायला कोण कशाला नाही म्हणेल?

"पण मी होय म्हटलं होतं," ती म्हणाली.

"मग बरंच केलंस की."

"दवाखान्याचं विचारलंच नव्हतं त्यांनी."

"तुझ्या एकटीच्या मताने काय होतंय? आणि फायदाच झाला ना?"

झाला होता. आकडा समोर दिसत होता, चढता, हिरवा. खाली जमिनीवर दोन्ही कान शाबूत असलेला हत्ती बसला होता. यातल्या नक्की कशाबद्दल तोंड गोड करायचं, तिला उमगेना.

"बाबा," चिमीने विचारलं, "भोपूची कंपनी गेली?"

"गेली. मोठ्या कंपनीत."

चिमी आजीच्या मांडीवरून उतरली. आजीकडे एकदा बघितलं, मग नव्या हत्तीकडे. मग खण उघडून तिने चित्रकामाची बोथट कात्री आणली आणि हत्तीसकट आईच्या मांडीवर ठेवली.

"याचा कान काप."

"का गं?"

"म्हणजे यालाही तिकडे पाठवता येईल." आपल्या आईला एवढीशी गोष्टही कशी कळत नाही, असा तिचा चेहरा झाला. "भोपू एकटा आहे ना. त्याला कंपनी."

घड्या घालणारे हात थांबले. नवऱ्याने मोबाइल खिशात टाकला.

"आई, होय म्हण ना," चिमी म्हणाली.

तिने अंगठा कात्रीच्या कडीत घातला. मग काढला. नव्या हत्तीचा कान दोन बोटांत धरून ती बसून राहिली; तो फार मऊ होता, आणि त्याला अजून कसलाच वास नव्हता.