राहीचे बारीक आवाज

माझी बायको दर्शना जाऊन दीड महिना झाला होता, तेव्हा आमच्या राहीच्या कानांचं कळलं. रत्नागिरीत कानाच्या डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीमागे ढोलकं वाजवलं, तिने मान वळवली. घुंगरू वाजवलं, ती माझ्या शर्टाचं बटण चघळत बसली. मग डोक्याला तारा लावून तपासलं. जाड आवाज तिला येतात, बारीक येत नाहीत. राही आठ महिन्यांची.

"कानाजवळ मोठा आवाज झाला होता?"

मी सांगितलं. हातखंब्याजवळ आमची कलमं आहेत. आंबा धरला की वानर उतरतात. त्यांना पळवायला आम्ही प्लास्टिकच्या पाइपाची बंदूक करतो. आत कार्बाइडचे खडे, थोडं पाणी, मागे शेगडीचा लायटर; गॅस धरला की लायटर दाबायचा, बार होतो. त्या दिवशी वानर हलेनात. मी दुप्पट खडे भरले आणि पाइप धाकट्या भावाच्या, लवूच्या, हातात दिला. खडे दुप्पट आहेत ते त्याला सांगितलं नाही. दर्शना राहीला मांडीवर घेऊन जवळच बसलेली. पाइप फुटला. त्याचा तुकडा दर्शनाच्या गळ्यात घुसला. मी गळा दाबून धरला, रक्त बोटांमधून येतच राहिलं. रस्त्यापर्यंतही पोचलो नाही.

बाईंना दुप्पट खड्यांचं सोडून सगळं सांगितलं.

दर्शना गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिची राख सावडून आलो आणि लवूला अंगणात पाडला. कुऱ्हाडीच्या दांड्याने मारला. त्याचा हात मोडला, दोन दात पडले.

"मार दादा, मार. माझ्याच हातून झाला ना," तो म्हणत होता.

त्याची बायको नम्रता मध्ये पडली. तिलाही ढकलली, ती पायरीवर आपटली. "भावोजी, माझी पण जाऊ होती ती! आता माझा नवरा पण मारताव काय?"

दोघं तिच्या माहेरी संगमेश्वरला गेली.

डॉक्टरबाईंनी कागदावर शंख काढला. कानात अशी वळी असते म्हणाल्या. एका टोकाला बारीक आवाज लागतो, दुसऱ्याला जाड. प्रत्येक जागेपासून मेंदूकडे धागे जातात. पोटात असतानाच कान ते कच्चे लावून घेतो, मग ऐकून ऐकून पक्के होतात. राहीची बारीक आवाजांची जागा जखमी झाली आहे. तिकडून मेंदूत काही पोचलंच नाही, तर ती जागा जाड आवाज बळकावतील. बांधाचा गडगा सरकवून शेजारी जमीन खातो तसं, मला वाटलं.

"यंत्र देते. पण दिवसभर तोंडाजवळ बोलणारं माणूस हवं. हीच वर्षं आहेत. घरात बडबडं कोण आहे?"

"माझी भावजय. झोपेत पण बोलते."

"मग तिलाच आणा. तुमच्याकडून मी चार वाक्यं काढली, मला घाम फुटला."

यंत्र येऊन नऊ दिवस झाले. राही ते ओढून फेकते. मी ओरडतो, ती दचकते, मी पुन्हा लावतो. दुसरं काय बोलायचं ते मला सुचत नाही.

संगमेश्वरला अजून गेलेलो नाही. मी किती खडे भरले होते ते लवूला अजून सांगितलेलं नाही.