चुलीकडे परतणारी बाई

सहा वर्षांत इरावतीनं इमामचाचांच्या सोळा मुलाखती घेतल्या आणि सोळा कप चहा प्यायली. चहा आतल्या खोलीतून पडद्याखालून यायचा. तो कोण करून देतं, हे विचारायचं तिला एकदाही सुचलं नाही. पीएच.डी. करणाऱ्या माणसाला नाही नाही ते सुचतं, एवढं मात्र सुचत नाही.

तिचा विषय होता मुकी चित्रकथा. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात गणपतराव नावाच्या गृहस्थांचं एक साप्ताहिक निघायचं. त्याच्या शेवटच्या पानावर दर आठवड्याला एका ओळीत चार चौकटींची चित्रकथा असायची. शब्द एकही नाही, फक्त डावीकडच्या कोपऱ्यात सही, 'इमाम पेंटर'. सदर बाजारातले इमामचाचा दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायचे. त्यांच्या सहीनं दीडशेवर चित्रकथा छापून आल्या आणि एका आठवड्याला अचानक बंद झाल्या.

विद्यापीठात कॉमिक्सवर संशोधन करायचं म्हटल्यावर लोक हसले होते. इरावतीचे मार्गदर्शक नृसिंह सर तेवढे हसले नाहीत, कारण त्यांना त्या चित्रकथांत एक घबाड सापडलं होतं. त्या सगळ्या उलट्या चालायच्या. बकरी आधी शिडीवर चढून पाटी रंगवायची, मग पेंटरचा डबा खायची, मग पेंटरची बायको डबा घेऊन यायची आणि शेवटी ती चुलीपुढं भाकरी थापत बसलेली दिसायची. त्या काळचे वाचक म्हणायचे, पेंटर येडा हाय, पण हसवतो. सर म्हणाले, हा वेडेपणा नाही, ही काळाची वेगळी कल्पना आहे. कथा चुलीपाशी संपते, म्हणजे इथला काळ पुढं पळत नाही, घराकडे परततो. 'चुलीकडे परतणारा काळ' हा सिद्धांत त्यांनी मांडला, त्याच नावाचं पुस्तक काढलं आणि सही पहिल्याच चौकटीत का, यावर एक आख्खं प्रकरण खर्ची घातलं. इरावतीचा प्रबंध त्याच पायावर उभा होता.

प्रबंध सादर झाला होता. सोमवारी मौखिकी, तीही खुली. नऊ वर्षं ती वारणानगरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे तास घेतला तर मास्तरीण, सुट्टी लागली की कुणीच नाही. तिथली एक जागा कायम होणार होती आणि त्यासाठी नावामागं डॉक्टर लागणार होतं. सकाळची एसटी पकडून पकडून तिला खिडकीबाहेरचा ऊससुद्धा ओळखायला लागला होता. हे एकदा संपावं, एवढीच तिची इच्छा होती.

मौखिकीच्या आदल्या दिवशी, रविवारी, 'चित्रकथा कट्ट्या'चा वार्षिक मेळावा होता. झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या सम्राटनं हा कट्टा सुरू केलेला. महिन्यातून एकदा जुनी कॉमिक्स पिशवीत घालून हातकणंगल्यापासूनची माणसं जमायची, भडंग खात भांडायची, खुशीत घरी जायची. यंदा विद्यापीठाची साथ मिळाल्यामुळं सम्राटला आभाळ ठेंगणं झालं होतं. इमामचाचांचा सत्कार ठरला, मौखिकीसाठी नागपूरहून येणाऱ्या परीक्षक बाईच पाहुण्या ठरल्या.

शुक्रवारी दुपारी इरावती चाचांना पत्रिका द्यायला गेली. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. नात आफशीननं, इंजिनिअरिंगला असलेल्या त्या पोरीनं, दार उघडलं आणि आतून मेहमुदाचाची, चाचांच्या पत्नी, पहिल्यांदाच पडदा सारून बाहेर येऊन बसल्या. इरावतीनं प्रदर्शनासाठी मोठ्या करून घेतलेल्या चित्रकथा दाखवायला म्हणून चटईवर पसरल्या. चाचींनी बकरीची उचलली आणि नातीला सांगायला लागल्या.

"ही बग, हिनं भाकऱ्या थापल्या. डबा घिऊन नवऱ्याकडं गेली. दोघं पाटी बघत बसली तवर बकरीनं डबा खाल्ला. आन् आता बग, अंगात रग आली तशी बकरीच शिडीवर! नवऱ्यापरास बरं रंगवती." आफशीन खो खो हसली.

इरावती चाचींच्या बोटाकडे बघत होती. बोट उजवीकडून डावीकडे चाललं होतं.

"चाची, तुम्ही इकडनं का सुरू केलं?"

"मग कुटनं करू? सुरवात हितंच हाय की."

"पण ती शेवटची चौकट आहे."

"कुनी सांगितलं?"

सांगितलं होतं नृसिंह सरांनी, दोनशे पानांत. चाची उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांची पाटी, वही, पुस्तक, सगळं उजवीकडून सुरू व्हायचं. इमामचाचा मात्र मराठी शाळेत सातवी पास, जन्मभर मराठी पाट्या रंगवलेला माणूस. तो चौकटी उजवीकडून कशाला सुरू करेल? जपानी कॉमिक्स उजवीकडून डावीकडे वाचतात, हे तिनंच दुसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं, तळटीप देऊन. जपान दिसला आणि सदर बाजार दिसला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"चाची, ही चित्रं कुणी काढली?"

चाचींनी आधी दाराकडं बघितलं. "हे पाट्या रंगवायला गेलं की मी दुपारची बसायची. गणपतराव म्हणलं, झकास हाय, छापू. पर बाईमाणसाचं नाव कशाला, म्हणलं. मग ह्यांनी आपली सही केली. मी श्येवटाला कोपरा मोकळा सोडायची सहीला." त्या थांबल्या. "लोक हसत्यात म्हणून हे घरी येऊन सांगायचं. मला वाटायचं, कळतंय लोकांना. म्हंजे तुमी सगळी उलटंच वाचत हुता व्हय?"

चाची हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या. मग हसू थांबलं तरी पदर तसाच राहिला.

"मग कुनालाच न्हाय कळलं?"

काहीतरी करायचं म्हणून इरावतीनं शेवटची छापून आलेली चित्रकथा पुढं केली. सरांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हीच होती, 'परतणारी बाई' या नावानं. रस्त्यावर ठिपक्याएवढी बाई, मग उंबऱ्यावर एक पाय, मग घरात उभी, मग चुलीपुढं हातात तांब्या. दमून घरी आलेली बाई पाणी पिते आहे, असं सरांनी लिहिलं होतं.

चाचींनी बोट उजवीकडे ठेवलं. "चुलीत पानी वतलं. उठली. दारात आली." बोट शेवटच्या चौकटीवर जाऊन थांबलं. "आन् गेली."

"कुठं?"

"त्याच्याम्होरं काय काढलं न्हाय. जमलंच न्हाय."

"चाचांना माहीत आहे?"

चाचींनी हनुवटीनं भिंतीकडं दाखवलं. तिथं तीच चित्रकथा काच लावून टांगलेली होती. "त्यांना वाटतंय, बाई घरला येती. लई जीव हाय त्यांचा त्या चित्रावर. नगं सांगूस त्यांना. दुखंल."

इरावती घरी कशी आली ते तिला आठवत नव्हतं. बोलावं तर सहा वर्षं पाण्यात, सरांचं पुस्तक पाण्यात आणि वर एका म्हाताऱ्याचं काळीज फाटणार. गप्प बसावं तर त्या बाईनं दीडशे वेळा घराबाहेर पाऊल टाकलं होतं आणि इरावतीनं दर वेळी तिला हाताला धरून चुलीपुढं आणून बसवलं होतं. तेही पुराव्यांसकट, संदर्भसूचीसकट. स्वतःची एवढी लाज तिला कधी वाटली नव्हती.

शनिवारी ती सरांकडे गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पुरावा काय? एका म्हाताऱ्या बाईचं बोट?"

"सर, एकदा उजवीकडून वाचून बघा. सगळ्या कथा सरळ लागतात."

"लागत असतील," सर शांतपणे म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "हे बघ इरावती, सोमवारी तुझी मौखिकी आहे. पदवी पदरात पडू दे. मग वर्षभरानं यावर आपण एक लेख लिहू, दोघांच्या नावानं. संशोधन असंच पुढं जातं. आत्ता तोंड उघडलंस तर परीक्षक प्रबंध परत पाठवतील. वारणानगरची जागा तुझ्यासाठी थांबेल का?" दारापर्यंत सोडायला येऊन त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या शेवटची चित्रकथा तूच वाचून दाखव. नेहमीसारखी."

रविवारी ग्रंथालयाचा हॉल भरला होता. भिंतींवर चित्रकथा लावलेल्या. सम्राट माईकची गरज नसलेल्या आवाजात माईकवर ओरडत होता. "ओ पावणं, दारात का हुबारलाय, म्होरं या की! खुर्च्या काय आमच्या पुतण्याच्या लग्नाला ठेवल्यात व्हय?" इमामचाचा नव्या पांढऱ्या टोपीत व्यासपीठावर अवघडून बसलेले. शाल झाली, फेटा झाला, नारळ झाला. बायकांच्या रांगेत आफशीनशेजारी मेहमुदाचाची होत्या. सर त्यांच्याकडे हात करून म्हणाले, "आणि ज्या चुलीकडे या कलावंताचा काळ परतत राहिला, त्या चुलीच्या धनीणबाईही आज इथे आहेत." टाळ्या पडल्या. चाचींनी खाली मान घातली.

मग पडद्यावर 'परतणारी बाई' आली आणि सरांनी इरावतीला खूण केली.

ती उठली. पडद्याच्या डाव्या बाजूला तिच्यासाठी माईक ठेवलेला होता. याच जागेवरून, याच चित्राचं, याच शब्दांत वाचन तिनं निदान दहा वेळा केलं होतं. वाक्यं ओठावर तयार होती. समोर पहिल्या रांगेत परीक्षक बाई वही उघडून बसलेल्या. चाची मान वर करून बघत होत्या. त्या नजरेत विनंती नव्हती, रागही नव्हता. एसटी येणार नाही हे माहीत असून थांब्यावर बसलेलं माणूस बघतं, तसं त्या बघत होत्या.

इरावतीनं माईक काढून हातात घेतला आणि ती पडद्यासमोरून चालत उजव्या टोकाला गेली. सहा पावलं असतील. प्रोजेक्टरच्या उजेडात आख्खी चित्रकथा तिच्या अंगावरून सरकत गेली.

"ही पहिली चौकट," ती म्हणाली. आवाज चिरकला. तिनं परत म्हटलं, "पहिली चौकट ही आहे. बाईनं तांब्यातलं पाणी चुलीत ओतलंय. चूल विझली. इथं ती उठली. इथं उंबऱ्यावर पाय आहे, तो आत येत नाही, बाहेर चाललाय. आणि ही शेवटची. बाई गेली." "या सगळ्या कथा उजवीकडून वाचायच्या आहेत. मी सहा वर्षं उलट्या वाचल्या आणि प्रबंधातही उलटंच लिहिलं. चुकलं माझं."

चित्रं कुणाची, हे ती बोलली नाही. तेवढं तिनं चाचींसाठी राखलं.

परीक्षक बाईंचं पेन वहीवर थांबलं होतं. सर उठून म्हणाले, "अर्थात, हा एक पर्यायी अन्वयार्थ..." आणि तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी उभा असलेला कुणीतरी मोठ्यानं हसला. "आयला! बकरी डबा खाऊन शिडीवर चढली की! आत्ता कळलं!" दुसरा वाचायला धावला, मग तिसरा. माणसं खुर्च्या सोडून भिंतींकडे वळली, एकमेकांची बोटं धरून उजवीकडं न्यायला लागली. हसू या भिंतीवरून त्या भिंतीवर जात होतं. सम्राट ओरडला, "अरं, आमच्या बापजाद्यांनी काय वाचलं मग?" सर खाली बसले आणि इरावतीकडे न बघता म्हणाले, "सोमवारी भेटू." त्यांचा आवाज कोरडा होता. वारणानगरची एसटी आता किती वर्षं, कुणास ठाऊक.

हसत नव्हते ते फक्त इमामचाचा. ते उठले. शाल खांद्यावरून घसरून खुर्चीत राहिली. ते पडद्याजवळ गेले, उजवीकडच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि पोरानं मुळाक्षरं गिरवावीत तसं एकेक चौकट डावीकडं नेलं. शेवटच्या चौकटीत, त्या ठिपक्याएवढ्या बाईच्या शेजारी, त्यांचीच सही होती. तिथं बोट थांबलं. हॉल हळूहळू शांत झाला.

मग ते बायकांच्या रांगेकडं वळले. हातात माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"मेहमुदा, कुटं निघालतीस गं?"

चाची सावकाश उभ्या राहिल्या.

"कुटं न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमी इचारताय का, ते बघत हुते."