खिडकीतून दिसेल ते

साहेब, वायर गोविंदरावांनी कापली, पण हुकूम तुमचा होता. तुम्ही त्यांच्या हातात पक्कड दिलीत आणि पाठ फिरवून उभे राहिलात. गोविंदराव शिपाई माणूस, ते काय करणार? आम्ही सगळी पोरं व्हरांड्यात उभी राहून बघत होतो. तुमच्या लेखी ती एक वायर होती. तिच्यातून माझा आवाज जायचा, साहेब. दुसरीकडून कुठूनच जायचा नाही.

तुम्ही विसरला असाल. मी सांगते.

पाणीगेटची आपली मराठी शाळा, तुम्ही तिच्या संस्थेचे अध्यक्ष. घरोघरी केबल आलेली ती सालं. बडोद्यातली बरीचशी मराठी माणसं मुलांना इंग्रजी शाळांत घालत होती, आणि तुमच्या शाळेत उरलो होतो आम्ही. शाळा मॉडर्न दिसावी म्हणून तुम्ही प्रत्येक वर्गात एकेक स्पीकर टांगलात आणि ऑफिसात माईक ठेवलात. सकाळी प्रार्थना, मग तुमच्या नाहीतर हेडमास्तरांच्या आवाजात कोण उशिरा आलं, कोणाचा गणवेश मळका होता. डोक्यावर ती पेटी, आणि तिच्यातून खाली पडायचा तो फक्त ओरडा.

मी संयोगिता, नववीत. सातवीत एका मास्तरांनी मला उभं करून इंग्रजीचा धडा वाचायला लावला होता. एका शब्दाला अडखळले. मास्तर हसले, मग वर्ग हसला. तेव्हापासून इंग्रजीच्या तासाला उभं केलं की मी खाली बाकाकडे बघायचे. बाकीचे विषय लिहून काढायचे, पास व्हायचे. इंग्रजीत तोंडच उघडायचं नाही.

माझे बाबा प्रतापराव कंपनीची बस चालवायचे. त्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते, आणि घोड्यावरून उतरून बसमध्ये बसलो एवढाच काय तो फरक, असं ते हसत सांगायचे. त्या वेळी दहावीला इंग्रजी सोडता यायचं. बाबा म्हणाले, "सोडून दे. अर्धी शाळा सोडते. नापासाचा शिक्का तरी नको."

आई म्हणाली, "हा ने, कशाला डोक्याला ताप?"

तेवढ्यात सुनीतीबाई घरी आल्या. आमच्या इंग्रजीच्या बाई.

"प्रतापराव, दिवाळीपर्यंत थांबा. मग काय ते ठरवा."

"बोलेल ती?"

"बोलेल."

"अहो, ती माझ्याशीसुद्धा बोलत नाही."

"तुम्ही तिला बोलू देता का?"

बाबा हसले. आईला म्हणाले, "बाईंना चहा दे. बाई खरं बोलतात."

सुनीतीबाई हरणीला, विमानतळाजवळ राहायच्या. त्यांच्या गच्चीवरून विमान इतकं खालून जायचं म्हणे, की वाळत घातलेले पापड थरथरायचे. एकदा त्या मावशीला सोडायला विमानतळावर गेल्या आणि भाजीच्या पिशवीत टेपरेकॉर्डर चालू ठेवून आल्या. ती टेप त्यांनी आम्हाला वर्गात ऐकवली. आधी टिंग-टाँग. मग एका बाईचा गार, गुळगुळीत आवाज, इंग्रजीत. मध्येच एक माणूस बायकोला विचारतो, थेपले घेतलेस ना, "थेपलां लीधां ने?" वर्ग हसून लोळला. पण नंतर सगळे कान देऊन ऐकायला लागले. त्या बाईचा आवाज कोणाला ओरडत नव्हता. नुसता सांगत होता, विमान कुठं चाललंय.

बाईंनी हेडमास्तरांकडून शेवटच्या तासाला माईक मागून घेतला. खेळ असा. एकानं ऑफिसात जायचं, दार लावायचं, तो कॅप्टन. बाकीच्यांनी वर्गाच्या खिडक्या लावून डोळे मिटून बसायचं. टिंग-टाँगसाठी डब्यातली स्टीलची वाटी आणि चमचा. नियम एकच.

"पाठ केलेलं बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. "खिडकीतून दिसेल ते सांगायचं. डोळ्यांना दिसो, नाहीतर मनात दिसो. पण दिसलं पाहिजे."

पहिला क्षितिज गेला. वर्गातला सगळ्यात वात्रट. "दिस इज कॅप्टन क्षितिज. वी आर ओव्हर विश्वामित्री. मेनी मेनी मगर. प्लीज डू नॉट पुट युवर लेग आउटसाइड." आभानं आम्हाला तिच्या मावशीच्या अमेरिकेला नेलं. तिथं सगळीकडे बर्फ होता, गोळ्याचा, कालाखट्टा घातलेला.

मग माझी पाळी. ऑफिसचं दार लागलं आणि मी एकटी. समोर एकही तोंड नाही. माईकला लोखंडाचा आणि तुमच्या सुपारीचा वास. खिडकीबाहेर मैदान, चिंचेचं झाड, खो-खोचे दोन खांब, एक झोपलेलं कुत्रं. मी वाटी वाजवली. म्हटलं, "गुड आफ्टरनून."

आणि साहेब, ते शब्द माझ्याकडे परत आले. व्हरांड्यातून, जिन्यातून, सगळ्या वर्गांतून, जरासे उशिरा. माझ्याहून मोठी, अजिबात न घाबरणारी कोणी मुलगी तिकडे बोलत होती. मी तिला ऐकत राहिले आणि तिला पुढचं सांगत राहिले.

त्यानंतरच्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात. शेवटचा तास. डोक्यावर पंखा घरघरतोय, आणि शाळा हळूच जमीन सोडतेय. पाणीगेटची कमान खाली राहिली. मांडवी एवढीशी झाली, सूरसागर तलाव बशीतल्या पाण्यासारखा चमकला. पाचवीतली बारकी पोरं बाक घट्ट धरून बसायची. मला शब्द कमी पडतील म्हणून आदल्या दिवशी बाईंना विचारून ठेवायचे. सावलीला काय म्हणतात, ढगाला काय. एकदा मी म्हणाले, "द शॅडो ऑफ द क्लाउड इज प्लेइंग खो-खो." ते मी स्वतः केलेलं पहिलं वाक्य. कुठल्या धड्यात नव्हतं. त्या रात्री मी ते उशीला सांगितलं.

एक दिवस बाबा बसची ड्युटी लवकर सुटली म्हणून मला न्यायला आले आणि फाटकापाशी उभे राहिले. शाळेबाहेर आल्यावर विचारलं, "कोण गं ती बोलत होती मघाशी?"

"मी."

"चल."

"खरंच मी."

बाबांनी माझं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाले, "ठेव इंग्रजी."

दिवाळी तोंडावर आली आणि एक दिवस सकाळीच तुम्ही पाहुण्यांना घेऊन शाळेत आलात. माईक सिस्टिम दाखवायची होती. आमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलात, स्पीकरच्या खाली. हेडमास्तर म्हणाले, सगळ्यात चांगली मुलगी पाठवा. बाईंनी मला पाठवलं.

मी दार लावलं. वाटी वाजवली. खिडकीतून बघितलं.

मैदानावर चार माणसं टेप धरून उभी होती. चुन्याच्या पांढऱ्या रेघा पडल्या होत्या, चिंचेच्या झाडालाही चुन्याची फुली. खो-खोचा एक खांब उपटून बाजूला टाकला होता आणि त्याच जागी एक माणूस खुंटी ठोकत होता. मला कोणी काही सांगितलं नव्हतं, साहेब. मला एक नियम माहीत होता. दिसेल ते सांगायचं.

"लेडीज अँड जंटलमेन, दिस इज कॅप्टन संयोगिता. प्लीज लुक डाउन. दिस इज अवर ग्राउंड. देअर आर व्हाइट लाइन्स. दे आर नॉट खो-खो लाइन्स. मेन आर मेझरिंग. अवर पोल इज स्लीपिंग ऑन द ग्राउंड."

विमानात कोणकोण आहे तेही सांगायचं असायचं. म्हणून म्हणाले, "टुडे सर इज इन अवर प्लेन." आणि मग ते तोंडातून आलं. पाठ केलेलं नव्हतं. ठरवलेलंही नव्हतं.

"सर, व्हेअर विल वी प्ले?"

पुढचं मला क्षितिजनं सांगितलं. मी बोलायला लागले तेव्हा तुम्ही हसत होतात. पांढऱ्या रेघांपर्यंत पाहुण्यांकडे बघून मान डोलवत होतात. नंतर ते हसू तुमच्या तोंडावर तसंच चिकटून राहिलं. तुमच्या शेजारच्या पाहुण्यानं विचारलं, "आ छोकरीने कोणे शिखवाड्युं?" तुम्ही सुनीतीबाईंकडे बघितलंत.

आणि टाळ्या वाजल्या. त्या मी पण ऐकल्या. आधी आमच्या वर्गातून, मग पाचवीतून, मग भिंतीभिंतीतून. पाचवीतल्यांना इंग्रजी कुठलं कळायला? पण विमान उतरलं की टाळ्या वाजवायच्या, एवढं त्यांना ठाऊक होतं.

मधल्या वेळेची सुट्टी संपायच्या आत वायर कापलेली होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाबांना बोलावलंत. बाबा कंपनीचा गणवेश घालून आले, इस्त्रीचा. तुम्ही त्यांना बसा म्हणाला नाहीत.

"प्रतापराव, मुलीला आवरा. पाहुण्यांसमोर काय वाट्टेल ते बोलली."

"काय बोलली, साहेब?"

"ते महत्त्वाचं नाही."

"मला इंग्रजी येत नाही. तुम्हाला येतं. ती काय बोलली तेवढं मराठीत सांगा."

तुम्ही सांगितलं नाहीत. फायली चाळत राहिलात. मग म्हणालात, तिला दहावीला इंग्रजी ठेवू नका, झेपणार नाही. ठेवायचंच असेल तर दाखला घेऊन दुसरी शाळा बघा. सुनीतीबाईंना तुम्ही त्याच आठवड्यात बालवाडीत पाठवलंत. तिथं त्यांनी पोरांना काय शिकवायचं? हात धुवायला.

घरी येऊन बाबांनी मला विचारलं. मी मराठीत सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"अगं, हे तर मीसुद्धा विचारलं असतं," बाबा म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले. नवी शाळा शोधायला ते दोन-तीन ठिकाणी जाऊन आले. नववीच्या मध्यात कोणी घेईना. माझं इंग्रजी सुटलं.

आता त्या मैदानावर दुकानांचं कॉम्प्लेक्स आहे. चिंच नाही. पहिल्या मजल्यावर चपलांचं दुकान, दुसऱ्यावर स्पोकन इंग्लिशचा क्लास. उद्घाटनाची पाटी आहे जिन्यात, तिच्यावर तुमचं नाव वाचलं. मी वर गेले होते, माझ्या मुलीसाठी चौकशी करायला. एसी चालू. रांगेनं कॉम्प्युटर, प्रत्येक मुलाच्या कानावर हेडफोन. सगळी एकच वाक्य म्हणत होती, वेगवेगळ्या वेळी. हाऊ आर यू. आय अ‍ॅम फाइन. खिडक्यांना काळी फिल्म लावली होती, उजेड पडद्यावर येतो म्हणून.

मुलीनं हेडफोन लावून बघितला. आधी टिंग-टाँग झालं, बाहेर मला ऐकू आलं एवढं. माझ्या पायाखालची फरशी हलली, साहेब. वाटलं, शाळा सुटतेय जमिनीवरून. मैदान खाली, रेघा खाली, आणि तुम्ही अजून पहिल्या बाकावर, डोक्यावर स्पीकर घेऊन.

"काय म्हणतंय?" मी मुलीला विचारलं.

"माझं नाव विचारतंय."

"मग तू काय विचारलंस?"

"मी कसं विचारणार, मम्मी? ते थोडंच ऐकतंय?"

मी तिचा हेडफोन काढला आणि तिला खाली घेऊन आले.

तुम्ही ऐकलं होतंत. स्पीकर तुमच्या डोक्यावर होता, कानात बोळे नव्हते. तुम्हाला मुलांनी इंग्रजी बोलायला हवं होतं. एक मुलगी बोलली. तिनं प्रश्न विचारला, अदबीनं, सर म्हणून. आता ती शाळेत नाही. तुमच्याकडे कापायला वायर नाही, आणि हातात ठेवायला माझा दाखलाही नाही.

इंग्रजीत द्या, मराठीत द्या, गुजरातीत दिलंत तरी चालेल. पण उत्तर द्या.

सर, व्हेअर विल वी प्ले?